घटस्फोटानंतरचे संयुक्त गृहकर्ज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात दोघांच्या नावावर गृहकर्ज काढून घर घेतलेल्या आणि आता विभक्त होत असलेल्या किंवा झालेल्या पती-पत्नींसाठी हे पान आहे. गोव्यातील वैवाहिक मालमत्तेचा कायदा मुळातच वेगळा असल्यामुळे त्यासंबंधीचा प्रश्न शेवटाकडे स्वतंत्रपणे घेतला आहे. घराची मालकी ही एक गोष्ट आहे आणि घरावरचे कर्ज ही दुसरी. पहिली दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बदलते, दुसरी बँकेत. कौटुंबिक न्यायालय या दोन्ही ठिकाणी तुमच्या वतीने जात नाही.

घटस्फोटाचा हुकूमनामा मिळाल्यावर कर्जातील माझी जबाबदारी संपते का?

नाही. हुकूमनाम्याने विवाह संपतो, कर्जाचा करार संपत नाही. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ४३ नुसार दोन व्यक्तींनी मिळून एखादे वचन दिले असेल, तर ज्याला वचन दिले आहे तो त्या दोघांपैकी कोणाही एकाकडून ते संपूर्ण पुरे करून घेऊ शकतो. बँकेच्या भाषेत याला संयुक्त आणि वैयक्तिक जबाबदारी म्हणतात, आणि कर्ज मंजूर होताना तुम्ही ज्या पन्नास-साठ पानांवर घाईघाईने सह्या केल्या त्यांत ती स्पष्ट लिहिलेली असते. त्यामुळे ‘यापुढील सर्व हप्ते पती भरेल’ असे हुकूमनाम्यात लिहिलेले असले, तरी ते पती-पत्नींना बांधून ठेवते. बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती, आणि हप्ता चुकला तर ती पत्नीकडेही मागणी करू शकते.

दोघांनी अर्धा-अर्धा हप्ता भरायचे ठरवले आहे. बँक ही व्यवस्था मान्य करेल का?

बँकेच्या दृष्टीने हप्ता एकच असतो. त्यातला निम्मा वेळेवर आला आणि निम्मा आला नाही, तर खाते थकीत दिसते, आणि थकबाकीची नोंद दोघांच्याही पतअहवालात होते. अर्धा-अर्धा भरणे ही तुमच्या आपसातील सोय आहे. ती करायची असल्यास एका खात्यातून पूर्ण हप्ता वळता होऊ द्यावा आणि दुसऱ्याने आपला वाटा हप्त्याच्या तारखेच्या किमान एक आठवडा आधी त्या खात्यात जमा करावा, म्हणजे वाटा चुकल्यास हालचाल करायला काही दिवस हाताशी राहतात.

माझे नाव केवळ कर्जात आहे, खरेदीच्या करारनाम्यात नाही. माझे स्थान काय?

सर्वांत अवघड स्थान हेच आहे, आणि ते दुर्मीळ नाही. पतीच्या एकट्याच्या पगारावर हवे तेवढे कर्ज बसत नाही, म्हणून पत्नीचे उत्पन्न जोडण्यासाठी तिला सहकर्जदार केले जाते, आणि घर मात्र पतीच्या किंवा त्याच्या आईवडिलांच्या नावावर राहते. अशा वेळी देणे पूर्ण आणि मालकी शून्य, अशी अवस्था होते. सहकर्जदार असल्याने मालक होता येत नाही. मात्र आपल्या खात्यातून हप्ते गेल्याचे उतारे असतील, तर ती रक्कम आपल्याला परत मिळावी किंवा तडजोडीत धरली जावी, अशी मागणी करता येते. अशा व्यक्तीने वाटाघाटीत पहिली मागणी पैशांची न करता कर्जातून नाव काढण्याची करावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पोटगीची रक्कम महिन्या-महिन्याने मिळेल, पण वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर असताना स्वतःसाठी नवे घरकर्ज मिळणे जवळजवळ अशक्य होते, कारण नवी बँक जुन्या कर्जाचा हप्ता तुमच्याच उत्पन्नातून वजा करते.

करारनाम्यावर दोघांची नावे आहेत. कोणाचा हिस्सा किती?

भारतात, गोव्याचा अपवाद सोडल्यास, विवाहामुळे एकाची मालमत्ता आपोआप दुसऱ्याची निम्मी होत नाही. करारनाम्यात हिश्श्याचे प्रमाण लिहिलेले असेल तर तो प्रश्न बहुतेक वेळा तिथेच सुटतो. लिहिलेले नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम ४५ लागू होते. स्वतंत्र पैशांतून खरेदी झाली असेल आणि वेगळा करार नसेल, तर ज्याने जितके पैसे घातले त्या प्रमाणात हिस्सा, आणि कोणी किती घातले याचा पुरावाच नसेल, तर समान हिस्सा. म्हणूनच जुने बँक उतारे, अग्रिम रकमेचा धनादेश आणि भविष्य निर्वाह निधीतून काढलेल्या रकमेची नोंद जपून ठेवावी. लग्नात किंवा लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून भेट मिळालेल्या मालमत्तेसाठी हिंदू विवाह अधिनियम, १९५५ चे कलम २७ आहे, आणि पती-पत्नींच्या मालमत्तेचे वाद ऐकण्याचा अधिकार कौटुंबिक न्यायालयाला कौटुंबिक न्यायालये अधिनियम, १९८४ ने दिला आहे. त्यासाठी दिवाणी न्यायालयात वेगळा दावा लावण्याची गरज सहसा पडत नाही.

घर एकाने ठेवायचे ठरले. दुसऱ्याला किती द्यायचे, हे कसे काढावे?

आजच्या बाजारभावातून आजची कर्जबाकी वजा करावी आणि उरेल ते हिश्श्यानुसार वाटावे. सूत्र साधे आहे, पण हप्त्यांचा हिशेब लोकांना चकवतो, म्हणून एक उदाहरण घेऊ. २० वर्षांसाठी ८.५ टक्के दराने ५० लाख रुपयांचे कर्ज घेतले असेल, तर हप्ता सुमारे ४३,३९० रुपये येतो. ५ वर्षांत दोघांनी मिळून सुमारे २६ लाख रुपये भरलेले असतात, पण मुद्दल कमी झालेले असते जेमतेम ६ लाखांनी. बाकी अजून ४४ लाख असते. ‘इतके भरले, मग निम्मे कर्ज तरी फिटले असेलच’ या समजुतीवर तडजोडीच्या बैठका मोडतात. म्हणून बैठकीला जाण्यापूर्वी बँकेकडून त्या तारखेचे थकबाकीचे पत्र आणावे.

समजा, आज घराची किंमत ७५ लाख आहे. कर्ज वजा जाता ३१ लाख उरतात आणि समान हिस्सा असल्यास प्रत्येकाचे साडेपंधरा लाख होतात. घर ठेवणाऱ्याने दुसऱ्याला साडेपंधरा लाख द्यायचे आणि ४४ लाखांचे कर्ज एकट्याने घ्यायचे. हाती रोकड नसेल, तर त्याला एकूण साडेएकोणसाठ लाखांचे कर्ज लागेल. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देता येते, म्हणजे येथे ६० लाखांपर्यंत. कागदावर हे बसते. पण उरलेल्या १५ वर्षांत ते फेडायचे, तर हप्ता साडेअठ्ठावन्न हजारांच्या पुढे जातो, आणि मुदत पुन्हा २० वर्षे केली तर साडेएक्कावन्न हजारांच्या पुढे. बँका साधारणपणे हाती येणाऱ्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या आसपास हप्ते बसतात की नाही ते पाहतात, म्हणजे एकट्याचे हाती येणारे उत्पन्न महिना लाखाच्या वर हवे. दोघांच्या पगारावर घेतलेले घर एकाच्या पगारावर पेलते का, याचे उत्तर भावनेला विचारू नये.

बाजारभाव ठरवताना मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराचा अहवाल घ्यावा. रेडी रेकनरचा, म्हणजे सरकारने ठरवलेला, दर मुद्रांक शुल्कासाठी असतो. तो खऱ्या भावापेक्षा कमी किंवा जास्तही असू शकतो.

बँकेच्या कर्जातून एकाचे नाव प्रत्यक्षात कसे निघते?

पहिला मार्ग त्याच बँकेत अर्ज करण्याचा आहे. राहणाऱ्या कर्जदाराच्या एकट्याच्या उत्पन्नावर बँक कर्जाची पात्रता पुन्हा तपासते, पटल्यास नवा करार करून घेते आणि जुन्या करारातील दुसऱ्याची जबाबदारी संपल्याचे लेखी देते. हे लेखी पत्र हातात येईपर्यंत नाव निघाले असे मानू नये. शाखाधिकाऱ्याने तोंडी ‘होऊन जाईल’ म्हटले, याला काहीच अर्थ नाही.

दुसरा मार्ग कर्ज दुसऱ्या बँकेत वळवण्याचा आहे. नवी बँक एकाच्याच नावावर कर्ज देते, जुने खाते पूर्ण फिटते आणि त्याबरोबर जुनी संयुक्त जबाबदारी आपोआप संपते. व्यक्तींनी व्यवसायाखेरीज अन्य कारणासाठी घेतलेल्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारता येत नाही. मात्र स्थिर दराचे कर्ज असल्यास करारातील अट वाचावी. हा दुसरा मार्ग आम्हांला अधिक स्वच्छ वाटतो. जुन्या बँकेला एक कर्जदार सोडून देण्यात काही फायदा नसतो, नव्या बँकेला मात्र नवे कर्ज मिळते.

तिसरा मार्ग आहे निघणाऱ्याच्या जागी दुसरा सहकर्जदार आणण्याचा, बहुधा वडील, आई किंवा भाऊ. हे करण्यापूर्वी घरातील त्या वडीलधाऱ्या माणसाला वर दिलेले कलम ४३ एकदा नीट समजावून सांगावे.

बँकेने नाव काढण्यास नकार दिला. आता काय?

नाव काढणे हा तुमचा हक्क नाही, त्यामुळे केवळ नकार दिला म्हणून बँकेविरुद्ध तक्रार टिकत नाही. दुसऱ्या बँकेकडे जावे, मुद्दलाचा काही भाग भरून बाकी कमी करावी किंवा घर विकावे. अर्जाला उत्तरच न देणे, थकबाकीचे पत्र न देणे किंवा चुकीचे शुल्क लावणे ही मात्र सेवेतील त्रुटी आहे. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

ही सगळी कामे हुकूमनाम्यापूर्वी करावीत की नंतर?

या पानावरचे एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे. परस्पर संमतीच्या घटस्फोटात, हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब नुसार, अर्ज दाखल केल्यापासून ६ महिन्यांनंतर आणि १८ महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा न्यायालयापुढे यायचे असते. विशेष विवाह अधिनियम, १९५४ च्या कलम २८ मध्येही अशीच तरतूद आहे. हे सहा महिने पुनर्विचारासाठी आहेत, असे कायदा सांगतो. व्यवहारात घराचे काम उरकण्यासाठी यासारखा काळ पुन्हा मिळत नाही. दोघेही अजून सह्या करायला तयार असतात आणि दोघांनाही दुसऱ्या तारखेला एकमेकांची गरज असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कायद्याच्या नजरेत ते अजून पती-पत्नी असतात, आणि मुद्रांक शुल्क व आयकर या दोन्हींत पती-पत्नी या नात्याला असलेल्या सवलती हुकूमनाम्याच्या दिवशी संपतात.

२०१७ मध्ये अमरदीप सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा सहा महिन्यांचा कालावधी योग्य प्रकरणी माफ करता येतो, असे ठरवले. त्यामुळे अनेक जण तो माफ करून घेण्याची घाई करतात. घराचे आणि कर्जाचे काम झालेले नसेल, तर ही घाई स्वतःचेच नुकसान करते. हुकूमनाम्यानंतर माजी जोडीदार फोन उचलत नाही, दुसऱ्या शहरात जातो, पुनर्विवाह करतो, आणि दुय्यम निबंधकाकडे सहीला येण्यासाठी त्याची मनधरणी करावी लागते. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांची कर्जे वर्षानुवर्षे दोघांच्या नावावर लटकलेली राहतात.

संमतीच्या अटींमध्ये कर्जाविषयी काय लिहावे?

‘फ्लॅट पत्नीला राहील व कर्ज ती फेडेल’ एवढ्या एका ओळीवर अनेक संमतीपत्रे आटोपतात, आणि पुढचे सगळे वाद त्या एका ओळीतून निघतात. घराचे वर्णन करारनाम्याच्या नोंदणी क्रमांकासह द्यावे. कर्ज खात्याचा क्रमांक, बँकेचे नाव आणि ठराविक तारखेची बाकी लिहावी. कोणत्या महिन्याच्या हप्त्यापासून कोणाची जबाबदारी सुरू होते, हे लिहावे, कारण अर्ज आणि हुकूमनामा यांमधील हप्ते कोणी भरायचे यावरच बहुतेक भांडणे होतात. दुसऱ्याचे नाव कर्जातून काढण्यासाठी तारीख ठरवावी, आणि त्या तारखेपर्यंत ते झाले नाही तर घर विकायचे, किमान किती किमतीला विकायचे, आणि कर्ज फेडून उरलेली रक्कम कशी वाटायची, हेही तिथेच लिहावे. पर्यायी मार्गाची ही अट नसेल, तर बँकेच्या नकारानंतर संमतीपत्र निरुपयोगी होते.

हप्ता चुकून दुसऱ्याला भुर्दंड पडल्यास तो भरून देण्याची हमी लिहून घ्यावी. मुद्रांक शुल्क, नोंदणी शुल्क आणि सोसायटीची थकबाकी कोणी भरायची, गाडीची जागा कोणाची, कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे बँकेने कोणाच्या हाती द्यायची, कर्जाला जोडलेली विमा पॉलिसी कोणाची, या बारीक वाटणाऱ्या गोष्टीही सोडू नयेत. अटींचे पालन झाले नाही, तर त्याच न्यायालयात अंमलबजावणीची दरखास्त दाखल करता येते. अट जितकी नेमकी, तितकी दरखास्त सोपी.

हिस्सा सोडण्यासाठी कोणता दस्त करावा, आणि मुद्रांक शुल्क किती?

सहमालकाने आपला हिस्सा दुसऱ्या सहमालकाच्या हक्कात सोडण्यासाठी हक्कसोडपत्र केले जाते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाखाली वडिलोपार्जित मालमत्तेतील हिस्सा जवळच्या नातलगांच्या हक्कात सोडल्यास नाममात्र शुल्क आहे, पण पती-पत्नींनी विकत घेतलेला फ्लॅट वडिलोपार्जित नसतो. त्यामुळे सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकेच शुल्क लागते.

राहत्या घराचे बक्षीसपत्र पती किंवा पत्नीच्या नावे केल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, आणि त्याखेरीज लागू असलेले अधिभार व नोंदणी शुल्क भरावे लागते. ही सवलत पती-पत्नींसाठी आहे, माजी पती-पत्नींसाठी नाही, म्हणून ती हुकूमनाम्यापूर्वीच वापरता येते. मात्र बक्षीस म्हणजे मोबदल्याविना दिलेली वस्तू. एकीकडे साडेपंधरा लाख घेऊन दुसरीकडे बक्षीसपत्र करण्याचा सल्ला कोणी देत असेल, तर तो ऐकू नये. पैसे खरोखरच द्यायचे-घ्यायचे नसतील, तेव्हाच हा दस्त योग्य आहे.

कोणताही दस्त करण्यापूर्वी बँकेची लेखी संमती लागते, कारण घर तारण आहे आणि बँकेच्या परवानगीशिवाय ते हस्तांतरित करणार नाही, अशी अट तुम्ही मान्य केलेली असते.

न्यायालयाच्या हुकूमनाम्यातच घर मला दिले आहे. तरीही नोंदणी लागते का?

बहुतेक वेळा लागते. नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ मध्ये न्यायालयाच्या हुकूमनाम्यांना सूट आहे, पण संमतीने झालेल्या हुकूमनाम्यात दाव्याचा विषय नसलेली स्थावर मालमत्ता आली असेल, तर ती सूट मिळत नाही, आणि घटस्फोटाच्या अर्जात घराचा उल्लेख अनेकदा नसतोच. मुद्रांक शुल्काचीही तीच गत आहे. रुबी सेल्स प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, महाराष्ट्राच्याच मुद्रांक कायद्याखाली, संमतीने झालेला हुकूमनामाही शुल्कास पात्र ठरू शकतो, असे सांगितले आहे. शिवाय नोंदणीकृत दस्त आणि सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्ताच्या नोंदणीचा उतारा) हातात नसेल, तर सोसायटी आणि पुढचा खरेदीदार दोघेही अडवतात.

दुसऱ्याने हप्ते भरणे थांबवले. पुढे काय होते?

हप्ता ९० दिवसांपेक्षा जास्त थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बुडीत जाण्याच्या वाटेवरचे (एनपीए), ठरते. त्यानंतर बँक २००२ च्या सरफेसी कायद्याच्या (तारण मालमत्तेतून थेट वसुली करू देणारा कायदा) कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस देऊ शकते. तिला लेखी हरकत घेतल्यास बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. मुदतीत पैसे भरले नाहीत, तर बँक घराचा ताबा घेऊ शकते आणि नंतर लिलाव करू शकते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत दाद मागता येते. ‘आमचे कर्ज सहकारी बँकेचे आहे, हे आम्हांला लागू नाही’ असा समज कोल्हापूर-सांगलीकडे पुष्कळ आढळतो. मुरगूडच्या एका सहकारी बँकेच्याच प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हा कायदा सहकारी बँकांनाही लागू असल्याचा निर्णय दिला आहे. पतसंस्थेचे कर्ज असेल, तर महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खालील वसुली दाखला हा तिचा मार्ग आहे.

नोटीस करारातील जुन्या पत्त्यावर जाते. घर सोडून दुसरीकडे राहायला गेलेल्या सहकर्जदाराला ती मिळतच नाही, आणि त्याला पहिली बातमी वर्तमानपत्रातील जाहिरातीतून कळते. म्हणून घर सोडताना बँकेला नवा पत्ता, दूरध्वनी आणि ईमेल लेखी कळवावा आणि कर्ज खात्याचा उतारा स्वतःच्या नावाने ऑनलाइन पाहता येईल, अशी सोय करून घ्यावी.

मी एकट्याने सर्व हप्ते भरले. ते दुसऱ्याकडून वसूल करता येतात का?

होय. ज्या कलम ४३ मुळे बँक तुमच्याकडून सगळे वसूल करते, तेच कलम तुम्हांला दुसऱ्या सहकर्जदाराकडून त्याचा वाटा मागण्याचा अधिकार देते. सामान्यतः रक्कम भरल्यापासून ३ वर्षांच्या आत दावा करावा. रोख पैसे देऊ नयेत, आणि प्रत्येक हस्तांतरणाच्या शेऱ्यात कर्ज खाते आणि महिना लिहावा. वाटा मिळत नसला, तरी वादापायी हप्ता मात्र थांबवू नये. दुसऱ्याला धडा शिकवण्यासाठी थांबवलेला हप्ता आपल्याही पतअहवालात तसाच दिसतो.

मी हप्ता भरत आहे, म्हणून पोटगी कमी होईल का?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या रजनेश प्रकरणातील निर्णयानंतर पोटगीच्या दाव्यात दोघांनाही मालमत्ता आणि देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि त्यात गृहकर्ज दाखवावे लागते. मात्र स्वेच्छेने घेतलेल्या कर्जाचे हप्ते पुढे करून पोटगीची जबाबदारी टाळता येत नाही, हीच न्यायालयांची सर्वसाधारण भूमिका राहिली आहे. ज्या घरात पत्नी आणि मुले राहतात त्याच घराचा हप्ता पती भरत असेल, तर त्याचा विचार होऊ शकतो. तो आपोआप होत नाही, मागावा लागतो.

घर पतीच्या नावावर आहे, पण पत्नी आणि मुले तिथे राहतात. त्यांना बाहेर काढता येते का?

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ खाली स्त्रीला सामाईक घरात राहण्याचा हक्क आहे, आणि दंडाधिकारी पतीला ते घर विकण्यापासून किंवा तिला बाहेर काढण्यापासून रोखू शकतात. पण हा हक्क नात्यातील माणसांविरुद्ध आहे. हप्ते थकले आणि बँक ताब्यासाठी आली, तर तो ढालीसारखा वापरता येईल, या भरवशावर राहू नये. असा आदेश मिळवताना, त्याच अर्जात पतीने हप्ते नियमित भरावेत असा आदेशही मागावा.

घर विकायचे ठरले आहे, पण कर्ज बाकी आहे. विक्री कशी होते?

तारण असलेले घर विकता येते. खरेदीदार किंवा त्याची बँक तुमच्या कर्जाची बाकी थेट तुमच्या बँकेत भरते आणि उरलेली रक्कम विक्रेत्यांना मिळते. ती दोन वेगळ्या धनादेशांनी, प्रत्येकाच्या स्वतःच्या खात्यात घ्यावी. एकाने सही करण्यास नकार दिल्यास विभाजनाचा दावा हा शेवटचा उपाय आहे, आणि १८९३ च्या विभाजन अधिनियमाखाली न्यायालय विक्रीचा आदेश देऊ शकते. त्याला वर्षे लागतात.

आयकराचे काय?

हप्त्यावरील वजावट मालक आणि कर्जदार दोन्ही असलेल्यालाच, आणि ज्याने प्रत्यक्ष पैसे भरले त्यालाच मिळते. राहत्या घराच्या व्याजाची वर्षाला २ लाखांपर्यंतची वजावट जुन्या करप्रणालीत आहे, नव्यात नाही. हिस्सा सोडणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये : वरील उदाहरणात त्याच्या हाती साडेपंधरा लाख आले, तरी त्याच्या डोक्यावरून २२ लाखांचे कर्जही उतरले, म्हणून त्याचा मोबदला साडेसदतीस लाख धरला जाऊ शकतो, आणि भांडवली नफा त्यावर काढला जातो. दोन वर्षांपेक्षा जास्त काळ धारण केलेल्या घरावर हा कर १२.५ टक्के आहे, आणि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी व्यक्तीला महागाई निर्देशांकासह २० टक्क्यांचा पर्याय आहे. पती-पत्नींमधील भेट करमुक्त असते. घटस्फोटानंतर मोबदल्याविना मिळालेल्या घरावर मात्र कर लागण्याचा प्रश्न उभा राहू शकतो.

सोसायटीत काय करावे लागते?

नोंदणीकृत दस्ताची प्रत, बँकेची संमती आणि विहित अर्ज देऊन भाग प्रमाणपत्रावरील नाव बदलून घ्यावे. महानगरपालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्याची (सोसायटी हस्तांतरणासाठी घेते त्या रकमेची) कमाल मर्यादा २५,००० रुपये आहे. ‘देणगी’च्या नावाखाली जास्त मागितल्यास लेखी मागणी मागावी, बहुधा ती येत नाही. नामनिर्देशनही त्याच दिवशी बदलावे.

माजी जोडीदाराचा मृत्यू झाला आणि नाव अजून दोघांचेच आहे, तर?

कर्जाची पूर्ण जबाबदारी हयात सहकर्जदारावर राहते, आणि मृत व्यक्तीचा हिस्सा तिच्या वारसांकडे जातो. घटस्फोटित पत्नी ही हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ खाली वारस नाही. पुरुष वारला असेल तर मुले, आई, आणि त्याने पुन्हा लग्न केले असल्यास नवी पत्नी हे वर्ग एकचे वारस असतात. म्हणजे ज्या घराचे हप्ते तुम्ही भरत आहात, त्याचे सहमालक तुमच्या आधीच्या सासूबाई आणि माजी पतीची दुसरी पत्नी होऊ शकतात. कर्जाला जोडलेला विमा कोणाच्या जिवावर उतरवला आहे, हे आजच पाहून ठेवावे. अनेक पॉलिसींमध्ये केवळ एकाचाच विमा असतो.

दोघांपैकी एक परदेशात आहे. त्याला यावेच लागेल का?

यावेच लागेल असे नाही. विशिष्ट कामापुरते कुलमुखत्यारपत्र करून भारतीय वकिलातीत किंवा अपोस्टिल पद्धतीने (त्या देशाच्या सरकारी प्रमाणपत्राने) प्रमाणित करावे आणि ते महाराष्ट्रात पोहोचल्यापासून ३ महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे. मुखत्यार शक्यतो माजी जोडीदाराच्या बाजूचा नसावा. परदेशी न्यायालयाच्या घटस्फोटाच्या आदेशाने पुण्यातील फ्लॅटची मालकी आपोआप बदलत नाही, येथील दस्त वेगळा करावा लागतो. अनिवासी विक्रेत्याच्या हिश्श्यावर खरेदीदाराने कापायचा कर निवासी विक्रेत्यापेक्षा बराच जास्त असतो, हेही व्यवहारापूर्वी पाहावे.

गोव्यात विवाह नोंदवला आहे. तिथे काय वेगळे आहे?

गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली व्यवस्था आहे. विवाहपूर्व करार करून वेगळे ठरवले नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि प्रत्येकाचा निम्मा हिस्सा असतो, करारनाम्यावर नाव एकाचेच असले तरी. घटस्फोटानंतर वाटणीसाठी इन्व्हेंटरीची कार्यवाही असते, आणि तीत मालमत्तेबरोबर देणीही मांडली जातात. पण इथेही बँकेचा करार वेगळाच राहतो : वाटणीत कर्ज एकाच्या वाट्याला गेले, तरी बँकेने लेखी मुक्त करेपर्यंत दोघेही कर्जदारच असतात.

कर्ज फिटले. मूळ कागदपत्रे कोणाला मिळतात?

रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत मूळ कागदपत्रे परत करणे आणि बोजाची नोंद काढणे बंधनकारक आहे. बँकेमुळे विलंब झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. कर्ज दोघांच्या नावावर असल्यास बँक सहसा दोघांना बोलावते किंवा एकाचे अधिकारपत्र मागते, आणि नेमक्या याच वेळी माजी जोडीदार सापडत नाही. संमतीच्या अटींमध्ये कागदपत्रे कोणाला द्यायची ते लिहिले असेल, तर हुकूमनाम्याची प्रमाणित प्रत बँकेला शेवटच्या हप्त्याच्या आधीच द्यावी. कागद हाती आल्यावर तारणाच्या सूचनेची नोंद दुय्यम निबंधकाकडून रद्द झाली का, सोसायटीने भाग प्रमाणपत्रावरील बँकेचा बोजा काढला का, आणि दोघांच्याही पतअहवालात खाते बंद दिसते का, हे तपासावे. पतअहवालातील चूक दुरुस्त करण्यास ३० दिवसांपेक्षा जास्त काळ लागल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई मागता येते.